चिंचबारीची रक्ततपासणी

सह्यगिरी विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि त्या निमित्तानं गौरवग्रंथ काढायचं ठरलं होतं. प्रत्येक विभागानं आपला इतिहास चार पानांत लिहून द्यायचा होता. मानववंशशास्त्र विभागात हे काम प्रिस्किला गावितच्या वाट्याला आलं. तिचा पीएच.डी.चा प्रबंध सादर करून झाला होता, आणि विभागप्रमुख नूतन चौधरी मॅडमना तिचं मराठी आवडायचं.

"स्थापना कधी झाली, प्रमुख कोण कोण होऊन गेले, मोठे प्रकल्प कोणते, किती जणांना पीएच.डी. मिळाली," मॅडम म्हणाल्या. "कौतुक कर, पण भाटगिरी नको."

प्रिस्किलाला काम आवडलं. विद्यापीठ लष्कराच्या रिकाम्या बराकीत सुरू झालं होतं, हे तिला माहीत नव्हतं. १९४९ साली तीन विभाग आणि दीडशेच्या आत विद्यार्थी होते. पहिले कुलगुरू दुपारी स्वतः इतिहास शिकवायचे आणि पावसाळ्यात वर्गात छत्री उघडून उभे राहायचे. आता सेहेचाळीस विभाग होते, पाचशेच्या वर महाविद्यालयं जोडलेली होती, परदेशातून संशोधक येऊन राहत होते. जुने अहवाल वाचताना तिला आपण या सगळ्याचा भाग आहोत याचं बरं वाटायचं.

त्याला घरचं कारणही होतं. प्रिस्किला नवापूर तालुक्यातल्या चिंचबारीची. गाव गुजरातच्या हद्दीला लागून, डोंगरात. ती सात वर्षांची असताना या विद्यापीठाची जीप त्यांच्या गावात आली होती. दहावीपर्यंत शिकलेला माणूस गावात एकच होता, तिचा बाप पौलस. पाहुण्यांना घरोघर त्यानंच फिरवलं, त्यांचं मराठी लोकांना मावची बोलीत सांगितलं आणि लोकांचं मावची त्यांना मराठीत. जाताना त्यांनी जीपपुढे उभं करून त्याचा फोटो काढला आणि पुढे टपालानं पाठवून दिला. तो फोटो अजून घराच्या भिंतीवर होता. "शिकायचं तर तिथं जाऊन शीक," असं पौलस धाकट्या लेकीला तेव्हापासून सांगत आला. थोरली रोशनी आठवीनंतर शाळेत गेली नाही. धाकटीला त्यानं तळोद्याच्या वसतिगृहात ठेवलं, मग नंदुरबारला कॉलेजात, आणि शेवटी इथं.

विभागाची जुनी दप्तरं तळमजल्यावरच्या खोलीत होती. एका दुपारी प्रिस्किलाला तिथं २००३ सालच्या सर्वेक्षणाची वही सापडली. वर 'नवापूर तालुका, सिकलसेल' असं लिहिलं होतं. तिला हसूच आलं. ही तीच जीप. तिनं चिंचबारीचं पान काढलं आणि घरच्यांची नावं शोधू लागली.

पौलस बारक्या गावित, एएस. मंगळीबाई पौलस, एए. रोशनी पौलस, वय अकरा, एएस. प्रिस्किला पौलस, वय सात, एए.

तिचा स्वतःचा विषय नातेसंबंधांचा होता, रक्ताचा नव्हे. पण एएस म्हणजे काय ते त्या विभागात कुणालाही सांगावं लागत नव्हतं. एए म्हणजे रक्तात काही दोष नाही. एएस माणूसही धडधाकट असतो, फक्त सिकलसेल त्याच्या रक्तातून पुढे जाऊ शकतो. नवरा-बायको दोघंही एएस निघाले, तर दर बाळंतपणात चारांत एक धोका असतो की लेकरू आजार घेऊनच जन्माला येईल.

तिनं पुढची पानं उलटली. तिला जे नाव नको होतं तेच ती शोधत होती. सत्तेचाळिसाव्या ओळीत ते सापडलं. दिग्विजय रामजी वळवी, वय चौदा, एएस.

दिग्विजय हा रोशनीचा नवरा.

प्रिस्किला वही मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. शिपाई दार लावायला आला तेव्हा त्यानं तिला दोनदा हाक मारली.

रोशनी आणि दिग्विजयला एकच लेकरू झालं होतं, दिपाली. पोर बारीक होती, डोळे पिवळसर, सारखे हातपाय दुखायचे. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब ऊसतोडीला बारडोलीकडे जायचं, ते होळीच्या पुढे परत यायचं. गावात सरकारी तपासणीची गाडी यायची ती नेमकी त्याच महिन्यांत. दिपाली सहा वर्षांची होती. नाताळच्या आदल्या दिवशी उसाच्या फडावर रोशनीनं तिला सकाळीच कालव्याच्या पाण्यानं आंघोळ घातली, कारण नवा फ्रॉक घालायचा होता. दुपारी पोरीचे पाय दुखायला लागले, मग पाठ, मग छाती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेताना ती वाटेतच गेली. रक्त खूप कमी होतं, कावीळ होती, असं डॉक्टर म्हणाले. पण रोशनीनं एकच गोष्ट धरून ठेवली. थंड पाण्यानं आंघोळ मी घातली. त्याला सहा वर्षं होत आली होती. तिला पुन्हा मूल झालं नाही, तिनं होऊ दिलं नाही. शेजारची बाई पोराला न्हाऊ घालत असली तर ती उठून जायची आणि चुलीवरचं गरम पाणी घेऊन यायची. वैशाखातसुद्धा.

सिकलसेलची शंका प्रिस्किलाच्या मनात एकदा येऊन गेली होती. पण ताईपुढे विषय काढायची तिची छाती झाली नव्हती.

रक्त तपासणारे प्राध्यापक हेमकांत पाटील निवृत्त झाले होते, पण रोज अकराला विभागात येऊन व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत बसायचे. तापीकाठच्या एका गावातल्या गुजर शेतकऱ्याचा हा मुलगा. वय चौऱ्याहत्तर. प्रिस्किला पहिल्यांदा भेटली तेव्हा त्यांनी तिला विचारलं होतं, "कोनता गावनी शे तू?" आणि नवापूर ऐकल्यावर खुर्ची पुढे सरकवली होती. आपल्याकडची पोर म्हणून ते तिच्याशी अहिराणीतच बोलायचे. ती त्यांच्याशी मराठीत बोलायची.

दुसऱ्या दिवशी ती न विचारता आत गेली आणि वही त्यांच्यापुढे ठेवली.

"सर, या माणसांना त्यांचे अहवाल का दिले नाहीत?"

त्यांनी चष्मा लावला, गावाचं नाव वाचलं. "दिले. पाठवले होते आपण."

"नाही पाठवले. मी त्याच गावची आहे. माझ्या घरात असा कागद कधी आला नाही. माझ्या बहिणीला ती एएस आहे हे आजसुद्धा माहीत नाही. तिचा नवराही एएस आहे. त्यांची मुलगी सहा वर्षांची होऊन गेली. तुम्ही त्यावर शोधनिबंध लिहिले, आणि आम्हाला साधं..."

हेमकांत सर उठले, त्यांनी कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून एक फाईल काढली. ती शोधायला त्यांना बराच वेळ लागला. त्यातलं एक आंतरदेशीय पत्र त्यांनी तिच्यापुढे धरलं.

पत्रात तीनच ओळी होत्या. चिंचबारीचे त्रेसष्ट लिफाफे मिळाले. तुम्ही सांगितलं तसं समजावून घरोघर देतो. सर्वांना येशूसलाम. खाली सही होती, पौलस बारक्या गावित.

सही बघायची गरज नव्हती. 'र' ची शेपटी लांब ओढायची सवय प्रिस्किलाला त्याच्याकडूनच लागली होती.

"तुन्हा बाप?" सरांनी विचारलं.

तिनं मान हलवली.

"मला ठाऊक नव्हतं. पौलस म्हणजे तुझा... मला ठाऊक नव्हतं." ते खाली बसले. आता ते मराठीत बोलत होते. "एक गोष्ट तुला सांगायला हवी. लिफाफे पाठवून काम संपत नसतं हे मला कळत होतं. मे महिन्यात मी स्वतः येणार होतो, घरोघर बसून समजावणार होतो. पौलसला तसं म्हणालोही होतो. तेवढ्यात मला दोन वर्षांसाठी परदेशी जायचं बोलावणं आलं. परत आलो तर प्रकल्पाचा निधी संपलेला. त्या नमुन्यांवर माझे सहा निबंध झाले, चार विद्यार्थ्यांना पीएच.डी. मिळाली. पौलसचं पत्र फाईलला होतं. काम झालं, असं मी धरून चाललो." त्यांनी चष्मा काढला. "मी परत जावाले पायजे व्हतं."

प्रिस्किलानं वही उचलली आणि ती बाहेर आली. तिला त्यांना काही म्हणायचं नव्हतं. चांगलं नाही आणि वाईटही नाही.

त्या सकाळी तिनं विभागाच्या इतिहासात एक वाक्य लिहिलं होतं. 'मात्र या तपासणीचे निष्कर्ष गावकऱ्यांपर्यंत पोचवण्याची काळजी विभागाने घेतली नाही.' ते तिनं आता खोडलं. त्या जागी काय लिहावं ते तिला सुचेना. संध्याकाळी मजकूर मॅडमकडे दिला तेव्हा त्यांनी खोडलेली ओळ वाचली आणि म्हणाल्या, "हे काढलंस ते बरं केलंस. उगाच वाद झाला असता." प्रिस्किलानं चार दिवसांची रजा मागितली.

ती घरी पोचली तेव्हा भातकापणी उरकत आली होती. पौलस खळ्यावर पेंढ्या झोडपत होता. लेक दिसल्यावर त्यानं हातातली पेंढी टाकली, टॉवेलनं तोंड पुसलं आणि बाज उन्हातून सावलीत ओढली. आई, मंगळीबाई, पाणी घेऊन आली.

"पुस्तकाचं काम झालं का?" पौलसनं विचारलं. गौरवग्रंथाचं तिनं त्याला फोनवर सांगितलं होतं. "आपल्या गावाचं नाव येणार त्यात?"

"येणार."

तो खूश झाला. मंगळीबाईकडे वळून म्हणाला, "बघ, विद्यापीठाच्या पुस्तकात चिंचबारी."

प्रिस्किला पाणी प्यायली, तिनं तांब्या खाली ठेवला. "आबा, ते लिफाफे कुठे आहेत?"

कुठले लिफाफे, असं त्यानं विचारलं नाही. तो उठून घरात गेला. आत पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. मंगळीबाई म्हणाली, "कसले लिफाफे?" पौलस जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला गठ्ठा घेऊन आला आणि बाजेवर ठेवला. लिफाफ्यांच्या कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या. प्रत्येकावर टंकलिखित नाव होतं. दोन फोडलेले होते, बाकीचे तसेच बंद.

"बासष्ट आहेत," तो म्हणाला. "एक दिला होता."

"कुणाला?"

"मोतीबाईच्या घरी."

मोतीबाई त्यांच्याच पाड्यावरची. तेव्हा एकोणीस वर्षांची होती, पलीकडच्या गावात तिचं लग्न ठरलं होतं. पौलसनं पहिला लिफाफा तिच्या घरी नेला, वाचून दाखवला, हेमकांत सरांनी सांगितलं होतं तसं समजावलंही. पोरीला काही झालेलं नाही, फक्त नवऱ्या मुलाची तपासणी करून घ्या. आठ दिवसांत बातमी पलीकडच्या गावात गेली ती अशी की मोतीबाईचं रक्त नासकं आहे. लग्न मोडलं. मग दुसरंही जमलं नाही. तिच्या भावानं पौलसच्या अंगणात येऊन त्याला धरलं आणि विचारलं, तू आमच्या घरात कसला कागद आणलास?

"मग मी बाकीचे वाटले नाहीत," पौलस म्हणाला. "प्रत्येक घरात लग्नाची पोरं होती. मला वाटलं, साहेब मे महिन्यात येणार आहेत, तेच सांगतील. त्यांचं लोक ऐकतील. मी वाट बघितली. दोन वर्षं बघितली. मग लाज वाटायला लागली. इतके दिवस का ठेवले म्हणून कुणी विचारलं तर काय सांगू?"

"आणि ताईचं लग्न?"

मंगळीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"चर्चमध्ये लग्नाची घोषणा झाली त्या दुपारी मी पेटी उघडली," तो सावकाश म्हणाला. "रोशनीचा कागद फोडला, दिग्विजयचा फोडला. दोघांत तेच लिहिलेलं. साहेबांनी मला शिकवलं होतं, चारांत एक. मी म्हटलं, तीन तरी बरी असतात ना. त्या तिघांवर भरवसा ठेवला. त्या दोघांचा जीव एकमेकांवर होता, तुला ठाऊक आहे. मोतीबाईसारखं माझ्या पोरीचं व्हायला नको होतं."

"पण दिपाली झाल्यावर तरी, आबा. तिचे पाय दुखायचे तेव्हा कळलं असेल ना तुम्हाला."

"कळलं होतं."

"मग?"

"मी तेल लावायचो. देवाला म्हणायचो, कागद खोटा कर."

मंगळीबाईनं पदर तोंडात धरला आणि ती आत निघून गेली. प्रिस्किला आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडणार होती, वाटेत बसमध्ये तिनं शब्दही जुळवून ठेवले होते. पण तो समोर बसला होता, पायाला भाताचा भुसा चिकटलेला.

ती म्हणाली, "ताईला सांगावं लागेल."

"तू नको सांगू," पौलस म्हणाला. "मी सांगतो."

रोशनीचं घर पाड्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. सोमवारी ऊसतोडीचा ट्रक येणार होता, म्हणून ती सामान बांधत होती. ज्वारीचं पीठ, मिरच्या, दोन पातेली, गोधड्या. दिग्विजय कोयत्याला नवी मूठ बसवत होता. बाप आणि बहीण एकदम आलेली बघून रोशनीला आनंद झाला. तिनं चहा ठेवला. पौलस म्हणाला, "चहा राहू दे, बस." त्याचा आवाज ऐकून ती बसली.

त्यानं काही लपवलं नाही. मोतीबाईपासून सगळं सांगितलं. बोलताना त्यानं दोन्ही फोडलेले कागद जमिनीवर ठेवले, एक तिच्यापुढे, एक दिग्विजयपुढे. इंग्रजी कागद होता. तो दोघांपैकी कुणीच उचलला नाही.

दिग्विजयनं प्रिस्किलाला विचारलं, "म्हणजे माझ्यातही आहे?"

"हो भावजी. तुम्हाला दोघांना काही होत नाही त्यानं. पण दिपालीला दोघांकडून आलं."

रोशनी बापाकडेच बघत होती. "किती वर्षं ठाऊक होतं तुम्हाला?"

"तुझ्या लग्नाआधीपासून."

"तिचे पाय दुखायचे तेव्हा?"

"हो."

"थंड पाण्यानं त्रास होतो, हेही ठाऊक होतं?"

पौलसनं मान खाली घातली. "साहेबांनी सांगितलं होतं. थंडीत जपायचं. पाणी भरपूर पाजायचं."

चूल पेटलेली होती आणि चहा उतू जात होता. प्रिस्किलानं उठून पातेलं उतरवलं. रोशनीला ते दिसलं नाही.

"सहा वर्षं मी म्हणते आहे की माझ्या हातानं गेली," रोशनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमच्यासमोर म्हणते. आईसमोर म्हणते. चर्चमध्ये गुडघे टेकून म्हणते, तेव्हा तुम्ही पुढच्या चटईवर असता. तुम्ही ऐकत होतात, आबा."

"हो."

"आणि गप्प बसलात."

पौलसनं जमिनीवरचे कागद उगाचच सरळ केले.

दिग्विजय मधेच बोलला, जणू त्याला काहीतरी सावरायचं होतं. "आधी कळलं असतं तर आपण लग्न केलं नसतं का?"

"केलं असतं," रोशनी म्हणाली. "पण तिला पाणी गरम करून दिलं असतं."

मग ती उठली आणि गोधडीची राहिलेली घडी घालू लागली. पौलस उठला. त्यानं लेकीच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. ती बाजूला झाली नाही, पण वर बघितलंही नाही. त्यानं हात तसाच मागे घेतला. घरी येईपर्यंत तो प्रिस्किलाच्या चार पावलं मागे चालत होता. ती थांबली की तोही थांबायचा.

रविवारी उपासना संपल्यावर पौलस पुढे जाऊन उभा राहिला आणि त्यानं गावाला सांगितलं. काही माणसं चर्चमध्ये कधीच येत नसत, त्यांच्या घरी तो आणि प्रिस्किला दुपारी चालत गेले. एकवीस वर्षांनी लिफाफे घरोघर पोचले. बारा जणांची नावं पुकारली तेव्हा ती माणसं हयात नव्हती. हेमराज नावाच्या एका माणसानं आपला लिफाफा हातात घेतला, आपल्या आजारी मुलाकडे बघितलं आणि पौलसच्या अंगावर धावून गेला. लोकांनी त्याला धरलं. पौलस जागचा हलला नाही.

मोतीबाई भावाच्या अंगणात भात वाळवत होती. केस पिकायला लागलेले. पौलस तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. त्याला तिची माफी मागायची होती की काय करायचं होतं, त्यालाच कळत नसावं.

"सगळ्यांचे ठेवलेत," ती म्हणाली. "माझा तेवढा वाटलात."

ती पुन्हा भात पसरू लागली.

सोमवारी ट्रक आला. प्रिस्किला रस्त्यापर्यंत गेली. रोशनीनं तिला जवळ घेतलं, नीट जा म्हणाली आणि वर चढली. मंगळीबाईनं भाकऱ्यांचं फडकं तिच्या हातात दिलं. पौलस आला नव्हता. तो कुठे आहे असं रोशनीनं विचारलं नाही.

प्रिस्किला विद्यापीठात परतली. तिनं हेमकांत सरांना जाऊन एवढंच सांगितलं की लिफाफे वाटले, पण लोकांना समजावणारं कुणी नाही. जानेवारीत सर चिंचबारीला आले. सोबत आरोग्य केंद्राची माणसं होती. तीन दिवस ते चर्चच्या अंगणात खुर्ची टाकून बसले आणि येईल त्या प्रत्येक घराशी बोलले. पुन्हा रक्त तपासलं, पाच मुलं आजारी निघाली, त्यांच्या गोळ्या चालू झाल्या. काही घरं आलीच नाहीत. शेवटच्या दिवशी सर पौलसच्या घरी गेले. दोघं म्हातारे एका बाजेवर बसले. पौलसनं यंदा भात किती झालं ते सांगितलं, सरांनी तापीकाठच्या केळीबद्दल सांगितलं. दुसरं काही ते बोलले नाहीत. निघताना सरांनी त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

फेब्रुवारीत गौरवग्रंथ निघाला. त्यात चिंचबारीच्या सर्वेक्षणावर दीड ओळ होती. प्रिस्किलाच्या प्रबंधावर परीक्षकांचे अहवाल आले. तोंडी परीक्षा झाली, नावामागे डॉक्टर लागलं. मार्चअखेर ती सुटीत घरी आली तेव्हा पौलसनं पदवीचा कागद दोन्ही हातांनी धरून वाचला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि कागद परत दिला. भिंतीवर लावूया असं तो म्हणाला नाही. जीपपुढच्या त्या फोटोची जागाही मोकळी होती. तो कधी काढला ते मंगळीबाईलाही माहीत नव्हतं.

होळीनंतर तीन आठवड्यांनी रोशनी फडावरून परतली. दिपाली गेल्यापासून नाताळला ती गावी येऊन जायची, यंदा आली नव्हती. यायची नाहीच, असं तिनं आईला फोनवर कळवलं होतं. प्रिस्किला तिच्या घरी गेली. रोशनी अंगणात मोहाची फुलं वेचून वाळत घालत होती. दोघी शेजारी बसून फुलं निवडू लागल्या.

"तुझ्यात काय निघालं होतं?" रोशनीनं विचारलं.

प्रिस्किलाला हा प्रश्न कधीतरी येणार हे माहीत होतं. "काही नाही. मी आईवर गेले."

"बरं झालं," रोशनी म्हणाली. तिनं ते मनापासून म्हटलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्या वहीत दिपालीचं नाव नसेल."

"नाही गं. ती तेव्हा झालीच नव्हती."

"फडावर झाली ती. दाखला काढायचा राहिला. शाळेत घालणार होतो त्या वर्षी." तिनं एक कुजकं फूल बाजूला टाकलं. "कुठल्याच कागदावर नाही ती."

प्रिस्किला म्हणाली, "मी लिहीन, ताई. कुठेतरी लिहीन."

"नको," रोशनी म्हणाली. "आता नको कुणी तिचं काही लिहायला."

ऊन वर आलं तशी फुलं सावलीत ओढावी लागली. दिग्विजय पाण्याची कळशी घेऊन आला, मेहुणीशी दोन शब्द बोलला आणि आत गेला. प्रिस्किला जायला उठली. रोशनी अंगणाच्या कडेपर्यंत तिच्याबरोबर चालत आली.

"आबा जेवतात का?" तिनं विचारलं.

"थोडं थोडं. आईनं ताट पुढे ठेवलं तर."

रोशनीनं मान हलवली. काहीतरी निरोप देईल म्हणून प्रिस्किला थांबली. पण रोशनी मागे वळली आणि फुलांजवळ जाऊन बसली.